हातभर दोरा

१

निघायची वेळ आठची ठरली होती. सव्वानऊ झाले तरी मास्तरीण खिडकीतल्या स्टुलावर बसून मुलीच्या कोटाला टाके घालत होती आणि खाली गल्लीत टेम्पोचा हॉर्न तिसऱ्यांदा वाजला होता. हॉर्न वाजवणारे तिचे सासरे. मामंजींनी पस्तीस वर्षं बस चालवली होती, आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गाडी उशिरा सुटली की त्यांचा रक्तदाब वाढत असे.

मास्तरीण हे तिचं नाव नव्हतं. कपडे शिवणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात आणि ही बाईमाणूस, म्हणून मास्तरीण. नवरासुद्धा तिला याच नावाने हाक मारायचा. तो लिफ्टची दुरुस्ती करायचा. दोन महिन्यांपूर्वी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला त्याला चांगली नोकरी लागली, आणि तिथे त्याने घर बघितलं. घराला पुढच्या बाजूला, थेट रस्त्यावर उघडणारी एक खोली होती. "ही तुझ्या दुकानाची," असं तो फोनवर म्हणाला. अठरा वर्षं भाड्याच्या एका खोलीत, एका खिडकीत, एक पाय आखूड असलेल्या स्टुलावर बसून तिने अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले होते. आता दार असलेलं, पाटी असलेलं दुकान. घर सोडताना हिला रडू येईल असं शेजारणींना वाटत होतं. तिला कधी एकदा टेम्पोत बसते असं झालं होतं.

तशी त्या खोलीची एक खोड होती. खोली वस्तू गिळायची. राहायला आल्याच्या पहिल्याच महिन्यात तिचं पितळी अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी, गेलं. मग छोटी कात्री, मग खडू, एकदा तर बाही लावायची राहिलेलं झबलं गेलं. नवरा सगळं खापर तिच्या विसरभोळेपणावर फोडायचा आणि तीही ते फोडून घ्यायची, कारण दुसरं कोण होतं तिथे?

शिवण तिला मावशीने शिकवलं होतं आणि त्याबरोबर मावशीचे नियमही आले होते. अंगातला कपडा अंगावर शिवायचा नाही. दोरा हातभरच घ्यायचा, त्याहून लांब दोरा आळशी माणूस घेतो. आणि शेवटची गाठ मारल्याशिवाय उठायचं नाही. "शेवट न केलेली शिलाई म्हणजे उघडं दार," मावशी म्हणायची. ती शेवटची गाठही मावशीचीच. कापड छातीशी धरून, मान खाली घालून, दोरा दातात पकडून दोन बोटांनी मारायची. शेजारी बसलेल्यालासुद्धा दिसायची नाही. मास्तरणीचा कपडा फाटेल पण उसवणार नाही, असं गल्लीतले लोक म्हणत ते त्या गाठीमुळे.

आज मात्र घाई होती. नवं गाव थंडीचं, म्हणून तिने स्वतःच्या जुन्या निळ्या कोटातून मुलीसाठी कोट बेतला होता, वाढत्या अंगाचा, पोटऱ्यांपर्यंत येणारा. खालची दुमड तेवढी शिवायची राहिली होती. निळं रीळ टेम्पोत सगळ्यात खालच्या खोक्यात गेलेलं. हाताशी सापडला तो एक पिवळा दोरा. आतल्या बाजूला कोण बघतंय, म्हणून तिने तोच ओवला. मुलगी कोट काढायला तयार नव्हती, म्हणून अंगावरच शिवायला घेतला.

"आई, गुदगुल्या होतात," मुलगी म्हणाली. वर्षाची असताना तिने एक बटण गिळलं होतं, तेव्हापासून तिला सगळे बटणच म्हणत. आता ती आठ वर्षांची होती.

"हलू नकोस. टोचेल."

वीतभर दुमड राहिली असताना खालून हाक आली. "सूनबाई, गाडी सुटली बरं का. मागून धावत यावं लागेल."

हाक आली की मास्तरीण हातातली सुई खिडकीच्या चौकटीत खोचायची. अठरा वर्षांची सवय. तशी तिने ती खोचली, उरलेली दुमड वाटेत घालू म्हणाली, पर्स उचलली, बटणचा हात धरला आणि दार ओढून घेतलं. सुईचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

जिना उतरताना बटण म्हणाली, "आई, मला मागे ओढतंय."

"चल गं, नखरे नकोत," मास्तरीण म्हणाली.

२

दुपारी ते एका चहाच्या टपरीपाशी थांबले. रस्ता सरळ होता, ऊन होतं, मामंजी खुशीत होते. टेम्पोच्या पुढच्या बाकावर तिघं बसत. मामंजी, मधे बटण आणि दाराशी मास्तरीण. "पंधरा मिनिटांची विश्रांती. चहा स्वखर्चाने," असं जाहीर करून मामंजी उतरले.

बटण उतरली तेव्हा मास्तरणीला तिच्या कोटाखालून लोंबणारा पिवळा दोरा दिसला. सुई खिडकीत राहिली हे तिला तेव्हा आठवलं आणि तिने स्वतःच्या कपाळावर हात मारला. दोरा ओढताना तुटला असणार. ती वाकली आणि लोंबणारं टोक शोधू लागली.

टोक नव्हतं. दोरा कोटातून निघून टेम्पोच्या पायरीवरून खाली उतरला होता, मागच्या चाकापासून हातभर अंतरावरून गेला होता आणि ज्या रस्त्याने ते आले त्या रस्त्याने परत निघाला होता. मास्तरणीने तो ओढला. तो आला. आणखी ओढला, आणखी आला. तिच्या पायाशी ढीग झाला. चहावाल्याने चमचा ढवळता ढवळता तिच्याकडे पाहिलं, तशी तिला लाज वाटली.

तिने हातभर दोरा ओवला होता. हे ती कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगू शकली असती. पण माणूस घाईत असला की काय करेल सांगता येत नाही. कदाचित दोरा रिळातून तोडलाच नसेल, रीळ पायरीला अडकून उलगडत आलं असेल. रिळात दोरा असतो तरी किती? फार तर पाचशे मीटर. आणि ते सकाळपासून दीडशे किलोमीटर आले होते.

तिने पर्समधून कात्री काढली, कोटापाशी दोरा कापला आणि ढीग कचऱ्याच्या डब्यात टाकला.

संध्याकाळी उजेड असतानाच त्यांनी एका लॉजवर खोली घेतली. बटण पलंगावर चढली आणि तिच्या मागून पिवळा दोरा उंबऱ्यावरून आत आला. दुपारी कापला होता त्या जागी गाठ होती. मास्तरीण गुडघ्यावर बसून ती गाठ बघू लागली. वेडीवाकडी, तीन वेढ्यांची, ओलसर गाठ. पहिल्यांदाच सुई धरणारं माणूस अशी गाठ मारतं.

कोटाची दुमड तिने उलटली. सकाळी वीतभर राहिली होती. आता आठच बोटं राहिली होती. नव्या टाक्यांची ओळ वाकडीतिकडी, एक टाका लांब, एक आखूड.

"बटण, हे तू शिवलंस?"

"मला कुठे येतं?"

ते खरं होतं. तरी मास्तरणीने तिची बोटं तपासली, फ्रॉकचे खिसे तपासले, मामंजींकडेसुद्धा एकदा संशयाने पाहिलं. मामंजींना शर्टाचं बटणही लावता येत नसे. तिने गाठ कापली, दोरा दाराबाहेर लोटला आणि कडी लावली.

३

सकाळी दोरा पुन्हा होता. गाठ नीटनेटकी झाली होती आणि दुमड सहा बोटं उरली होती.

मास्तरणीने या वेळी मुलीला उभं केलं. "कोट काढ. आत्ताच्या आत्ता."

बटणने बाह्या काढल्या, पण कोट खाली उतरेना. रात्री थंडी म्हणून ती कोटातच झोपली होती आणि टाके कोटाच्या अस्तरातून तिच्या लांब लोकरी मोज्यांत गेले होते. मास्तरीण टाके उसवायला बसली. उसवण्यात तिचा हात कुणी धरला नसता. पण एक टाका काढून दुसऱ्याला हात घालेपर्यंत पहिला जागेवर परत बसलेला असायचा. शेवटी तिने कात्री घेतली आणि कोटाच्या कापडालाच लावली. बटण इतक्या जोरात ओरडली की मामंजी दात घासता घासता बाहेर आले.

"दुखतं," बटण म्हणाली. "कोटाला लावलीस तरी मला दुखतं."

मास्तरणीने मोजा थोडा खाली सरकवून आत पाहिलं. मग मोजा परत वर ओढला. त्या दिवशी तिने तो पुन्हा खाली केला नाही.

तिने फक्त दोरा कापला, मुलीला उचलून टेम्पोत बसवलं आणि म्हणाली, "मामंजी, जरा वेगात घ्या."

तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. पूर्ण घेर शिवून झाला आणि दोरा ओढला की काय होतं, ते शिंप्याला सांगावं लागत नाही. पिशवीचं तोंड जसं नाडीने आवळतं तसा घेर आवळतो. आणि मग पिशवी नाडीच्या मागे जाते.

बटण बाकावर उलटी होऊन गुडघ्यांवर बसली होती आणि मागच्या छोट्या काचेतून सामानाच्या फटीतून बाहेर बघत होती. सकाळपासून ती अशीच बसली होती. पुढे बस म्हटलं की बसायची आणि दोन मिनिटांनी पुन्हा वळायची.

"काय दिसतं तिकडे?"

"आपली खिडकी," बटण म्हणाली. "तुझ्या स्टुलावर बसून शिवतंय."

"कोण?"

बटणने खांदे उडवले. "तुझ्यासारखं बसतं. मान अशी करून. पण सारखं वर बघतं, विसरल्यासारखं."

दुपारच्या थांब्यावर मास्तरणीने गाठ पाहिली. ही तिची गाठ होती. सुरुवातीची गाठ मारताना ती शेपूट नखभर जास्त सोडायची, मावशी त्यावरून आयुष्यभर ओरडली होती. इथे शेपूट नखभर जास्त होतं. टाक्यांची ओळही सरळ झाली होती, तिरप्या टाक्याचा कल तिचाच.

कात्री तिच्या हातात होती. तिने ती मिटली. दर वेळी कापायचं, दर वेळी त्याने नवी गाठ मारायची. आपण याला सरावच देतोय की.

४

मामंजी तोवर गप्प होते. बसचालकाने प्रवाशांच्या भानगडीत पडायचं नसतं हा त्यांचा जुना नियम. पण दुपारनंतर त्यांनी आरसा जरा वळवला आणि घसा खाकरला.

"सूनबाई, रस्त्याच्या मधोमध पिवळी रेघ असते. बरोबर?"

"असते."

"एकच असते. पस्तीस वर्षं मी एकच बघितली. काल दुपारपासून मागे दोन दिसतात." ते थोडे थांबले. "डोळे तपासून घ्यायला झाले म्हणून बोललो नाही."

तेव्हा मास्तरणीने त्यांना सगळं सांगितलं. बोलताना तिला स्वतःचा आवाज खुळ्यासारखा वाटत होता. मामंजी हसले नाहीत. त्यांनी फक्त बटणच्या कोटाकडे पाहिलं आणि गिअर बदलला.

संध्याकाळी थांबल्या थांबल्या तिने जुन्या घरमालकिणीला फोन लावला. खोलीत कुणी नवं राहायला आलंय का, खिडकीत माझी सुई राहिली आहे, असं काहीतरी ती बोलणार होती. पण घरमालकीणच आधी सुरू झाली.

"अहो, तुमचं काय बाई समजत नाही. किल्ली दिलीत, सामान गेलं, आणि काल सकाळपासून खिडकीत बसून शिवताय. दोनदा हाक मारली. एकदा वर बघितलंत नि पुन्हा खाली मान. चहा पाठवू का?"

"नको," मास्तरीण म्हणाली आणि फोन ठेवला.

ती बराच वेळ लॉजच्या पायरीवर बसली. अंगुस्तान, कात्री, खडू, झबलं. अठरा वर्षं ती एकटी शिवत होती असं तिला वाटत होतं, आणि अठरा वर्षं कुणीतरी समोर बसून बघत होतं. भीती तर वाटलीच. पण भीतीच्या खालून दुसरंही काहीतरी वर आलं आणि ते तिच्या ओळखीचं होतं. तिच्या हाताखाली तीन-चार मुली शिवण शिकून गेल्या होत्या. न विचारता कापडाला कात्री लावणाऱ्या मुलीचा तिला जो राग यायचा, तोच हा राग होता.

मामंजी चहाचे दोन कप घेऊन शेजारी बसले. "मागे लागलेल्या गाडीला दोनच उपाय असतात, पोरी. वेग वाढवायचा, नाहीतर बाजूला घ्यायचं, खाली उतरायचं आणि काय पाहिजे ते तोंडावर विचारायचं. वेग आपण वाढवून बघितला."

"ते सारखं वर बघतं म्हणाली बटण," मास्तरीण म्हणाली. "विसरल्यासारखं."

"मग?"

"विसरलेलं नाही ते. त्याला एक गोष्ट येतच नाही." तिने कप खाली ठेवला. "उद्या किती वाजता पोचू?"

"बारा वाजता म्हणजे बारा वाजता," मामंजी म्हणाले.

५

बाराला पाच कमी असताना ते पोचले. नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती. किल्ली समोरच्या चष्म्याच्या दुकानात ठेवलेली होती. मास्तरणीने बटणला कडेवर घेतलं, कारण सकाळपासून तिला पुढे पाऊल टाकता येत नव्हतं. दुमड दोन बोटं उरली होती.

दुकानाची खोली रिकामी होती. पांढऱ्या भिंती, रंगाचा वास, एक खिडकी, एक दार. भिंतीला टेकून नवऱ्याने रंगवलेली पाटी ठेवली होती. तिच्यावर एकच शब्द, मास्तरीण. ती बघून तिला खरंच रडू आलं असतं, पण वेळ नव्हता. तिने मशीनचं खोकं ओढून मधे ठेवलं, त्यावर बटणला बसवलं, मामंजींना तिला घट्ट धरायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. दोरा दाराच्या खालच्या फटीतून बाहेर गेला होता.

मग ती दारासमोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि दोरा ओढू लागली.

तो येतच राहिला. हातावर हात टाकत ती ओढत होती. गुडघ्यापर्यंत ढीग झाला, मग मांडी दिसेनाशी झाली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर वर करत होतं, एक सायकल घंटी वाजवत गेली, दोन बायका कशावरून तरी हसत होत्या. मग ते आवाज कमी झाले. एकेक करून थांबले नाहीत. रेडिओचं बटण हळूहळू फिरवावं तसे सगळे मिळून खाली गेले. भर दुपारी रस्ता मुका झाला.

आणि टक् असा आवाज आला.

थोड्या वेळाने पुन्हा, टक्. तो आवाज तिला झोपेतही ओळखता आला असता. आखूड पायाचं स्टूल बसल्या बसल्या पुढे सरकवलं की तसा आवाज व्हायचा. ते स्टूल तिने जुन्या खोलीत टाकून दिलं होतं.

"सूनबाई," मामंजी खालच्या आवाजात म्हणाले.

"धरून ठेवा."

टक्. आता पायरीवर. दारापुढे. फटीतून येणारा उन्हाचा पट्टा मधोमध काळा झाला. दोरा एकदम ताठ झाला, तिच्या तळहाताला कापत उलटा निघाला, आणि खोक्यावर बसलेली बटण मामंजींसकट वीतभर पुढे घसरली. बटण रडत नव्हती. ती दाराकडे बघत होती आणि शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "आई, सोड. माप घ्यायचं राहिलंय, मी जाऊन येते."

मास्तरणीने दोरा मुठीला गुंडाळला. ओढाओढीत आपण हरणार हे तिला कळलं होतं. पलीकडे तिच्यापेक्षा जास्त जोर होता आणि अठरा वर्षांचा धीर होता. पण काल संध्याकाळी लॉजच्या पायरीवर बसून तिने एक गोष्ट ठरवली होती. तिने ओढणं थांबवलं, पाठ सरळ केली आणि शिकाऊ मुलींशी बोलायची त्या आवाजात बोलली. चढा नाही, मवाळ नाही.

"काम दाखव."

पलीकडे काहीच हललं नाही.

"कुणाला विचारून कापडाला हात लावलास? दाखव म्हणते ना."

दोऱ्याचा ताण तसूभर कमी झाला. तिने मागे हात नेऊन बटणच्या कोटाची दुमड उलटली आणि खरोखरच तपासायला घेतली, टाक्यामागून टाका, कारण काम न बघता बोलायची तिला सवय नव्हती.

"पहिला दिवस वाईट. लांब-आखूड टाके. काल दुपारपासून बरे आलेत. हात बसलाय तुझा, ते मी नाकारत नाही." तिने दुमड आणखी पुढे सरकवली. "पण दोन बोटं राहिलीत. तिथे येऊन तू अडलास, नाहीतर काल रात्रीच काम संपवलं असतंस. शेवट येत नाही तुला. आणि ज्याला शेवट येत नाही त्याने दुसऱ्याच्या लेकराचा कपडा हातात घ्यायचा नसतो. सुई दे."

स्टूल टक् वाजलं. मागे की पुढे, कळलं नाही.

"सुई दे. काम माझं आहे."

किती वेळ गेला ते मामंजींना नंतर सांगता आलं नाही. ते म्हणत पाच मिनिटं, मग म्हणत अर्धा तास. शेवटी दाराच्या फटीतून सुईचं नाकं आत आलं. सुई कुणाला देताना टोक आपल्याकडे धरून द्यावी, हे मास्तरीण प्रत्येक शिकाऊ मुलीला पहिल्या दिवशी शिकवायची. सुईमागून दोन बोटांची पेरं आली. एकावर पितळी अंगुस्तान होतं. दुसऱ्याच्या पेरावर बारीक टोचल्याच्या खुणा होत्या आणि नखाच्या कडेला आडवी जुनी कात्रीची जखम होती. मास्तरणीने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. तशीच जखम, त्याच बाजूला.

तिने सुई घेतली. त्या बोटांना तिची बोटं लागली आणि ती बोटं उबदार होती. हे तिने पुढे कुणालाच सांगितलं नाही.

सुई हाती आल्यावर टाके तिचं ऐकू लागले. तिने सुईच्या नाक्याने एकेक उचलला आणि तो परत बसला नाही. मोज्यातले उसवले. मोज्याच्या आतले उसवले, बटणची मान पलीकडे वळवून, तिला सतराचा पाढा म्हणायला लावून. सतरा नव्वे त्रेपन्नासे म्हणताना बटण एकदम थांबली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही मला किती घट्ट धरलंय." मामंजींनी डोळे पुसले आणि पकड मुळीच सैल केली नाही.

कोट अंगातून निघाला. मास्तरणीने तो मांडीवर घेतला आणि सगळी दुमड पहिल्यापासून शिवली, भरभर, बारीक, आयुष्यात शिवली नव्हती इतकी सुंदर. पलीकडचं ते दाराशी टेकून ऐकत होतं; लाकूड किंचित करकरत होतं. शेवटचा टाका पडला तेव्हा ती उठली, दाराकडे पाठ केली, कोट छातीशी घेतला, मान खाली घातली आणि मावशीची गाठ मारली. मग दोरा दातांनी तोडला.

बाहेर काहीतरी आडवं पडलं. लाकडी, हलकं.

मग रस्ता परत आला. सायकल, शटर, बायकांचं हसणं. फटीतला उन्हाचा पट्टा सबंध झाला. मास्तरणीच्या पायाशी पिवळ्या दोऱ्याचा ढीग होता तिथे आता एक तुकडा पडला होता. तिने तो उचलून कोपरापासून बोटांपर्यंत धरून पाहिला. बरोबर हातभर.

तिने दार उघडलं, सताड. उंबऱ्यावर पितळी अंगुस्तान होतं. बाकी ऊन होतं आणि समोरचा चष्मेवाला तिच्याकडे बघून हात हलवत होता.

"शेवटचा थांबा," मामंजी मागून म्हणाले. त्यांचा आवाज अजून ओला होता. "सगळ्यांनी उतरून घ्या. मागचा प्रवासीही उतरला."

मास्तरीण हसायला लागली आणि तिला थांबता येईना. बटण मोजे काढून अनवाणी पायांनी रिकाम्या दुकानात गोल गोल धावत होती. नवरा संध्याकाळी आला तेव्हा पाटी दारावर लागलेली होती, मशीन मांडलेलं होतं आणि चष्मेवाल्याची पँट कमरेत सैल करायला आलेली होती.

६

घरमालकिणीचा फोन त्याच आठवड्यात आला. खोली झाडून घेतली, ती म्हणाली. स्टूल खिडकीखाली आडवं पडलं होतं आणि चौकटीत सुईचं भोक तेवढं होतं. "गेलात तर सांगून तरी जायचं," असंही ती म्हणाली. मास्तरणीने तिची माफी मागितली.

दुकान चांगलं चाललं. दिवाळं निघेल म्हणणाऱ्या नणंदेने स्वतःचे चार ड्रेस शिवायला पाठवले. ती सुई मास्तरणीने फेकली नाही, कारण सुई चांगली होती. अंगुस्तानही ती वापरते. आतून ते घासून गुळगुळीत झालंय, तिने जेमतेम महिनाभर वापरलं होतं तरीही. पण बोटात नेमकं बसतं.

वसंतात बटणच्या पोटऱ्यांवरच्या खुणा गेल्या. ती नऊ वर्षांची झाली आणि दुपारी शाळेतून आली की आईजवळ बसून रुमालाला टाके घालू लागली. तिचा हात लवकर बसला. एके दिवशी रुमाल पूर्ण झाला आणि तिने तो आईपुढे धरला.

"आता शेवटची गाठ शिकव."

मास्तरणीने रुमाल हातात घेऊन पाहिला. टाके सरळ होते. तिने रस्त्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे, जिथे अजून काहीच हरवलं नव्हतं.

"शिकवते," ती म्हणाली. "आधी पडदा ओढून घे."

बटणने पडदा ओढला.

"पुरता ओढ."

मग तिने मुलीला अगदी जवळ बसवलं, कोपऱ्याकडे दोघींनी पाठ केली, आणि गाठ दाखवली. बटणला ती पहिल्याच खेपेला आली.